एकशे अडतीस ठोके

११ जानेवारी

आज १२६. कोणाच्याही लक्षात आलं नाही!

सेंदाईचं सभागृह भरलं होतं. 'दीपस्तंभ' सुरू झालं तसे लोक नेहमीसारखे उभे राहिले. त्रेचाळीस वर्षं तीच धून, तेच लोक. फक्त केस गेले — त्यांचेही, आमचेही. शेवटच्या दौडीत आम्ही पाचही जण एकच सुरावट एकाच वेळी जीव खाऊन वाजवतो. जुन्या रेकॉर्डवर ती मिनिटाला १३८ ठोक्यांनी जाते. तीन वर्षांपूर्वी निइगाताच्या कार्यक्रमात कुरामोचीने त्या दौडीत दोन सूर गाळले. कुरामोचीने! ज्याच्या गिटारवर हा बँड उभा आहे, त्याने! मी ड्रमवरून बघत होतो. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं आणि पटकन मान फिरवली. तेव्हाच समजलो — बोटं गेली याची.

ताल दाखवणाऱ्या मशीनची कानातली टिकटिक मला एकट्यालाच ऐकू येते. आकडा मीच लावतो. तेव्हापासून दर दौऱ्याला एक-दोन ठोके कमी करत आलो. त्याला पत्ता लागू दिला नाही. कॉलेजपासूनचा मित्र. बोलून दाखवायच्या गोष्टी आहेत का या?

१६ जानेवारी

उजवा घोटा आखडलाय. थंडी. फुमिए म्हणते, डॉक्टरला दाखवा. अडुसष्ट वर्षांचा घोटा डॉक्टरला काय दाखवायचा! संसार करतेय की पहारा देतेय ही बाई?

२० जानेवारी

रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला होता. चकचकीत बूट, हातात यादी. 'दीपस्तंभ' नव्याने रेकॉर्ड करायचं म्हणे, आणि मूळच्या गतीने. जाहिरातच तशी — त्रेचाळीस वर्षांनी, तोच वेग!

मला वाटलं, कुरामोची काहीतरी सबब काढेल. तर म्हणाला, "करू या."

मग तो चकचकीत बुटांचा म्हणतो, "कोणाला झेपणार नसेल तर आधीच सांगा. तेवढा माणूस बदलून घेऊ." सगळे आपापल्या चहाच्या पेल्यात बघत बसले. नंतर त्याने कुरामोचीला एकट्याला बाहेर नेलं. परत आला तेव्हा चेहरा पांढराफटक.

"काय म्हणत होता?"

"काही नाही रे. हवापाणी."

हवापाणी! मी काय कुक्कुलं बाळ आहे? ज्याने बँड काढला त्यालाच काढायला निघालेत. संताप झाला नुसता.

२७ जानेवारी

तालीम. १३२ वर. कुरामोचीने पुन्हा सूर गाळले, या वेळी चार. मी आधार द्यायला जरा रेंगाळलो, तरी जमेना.

जिन्यात सायेकीने गाठलं. आमची कीबोर्डवाली. अठरा वर्षं झाली येऊन, तरी आमच्यात ती नवीनच. कॉलेजात आमच्या धुना कानाने उतरवून वाजवायची, सगळ्यांचे सूर तिला तोंडपाठ. म्हणाली, "ओनोदेरासान, तुमचा पाय बरा आहे ना?"

"माझ्या पायाचं काय काढलंस? त्याची बोटं बघ आधी!"

ती वाकून नमस्कार करून उतरून गेली. मी उगाच खेकसलो. पण मला चीड आली. माणूस डोळ्यांसमोर संपतोय आणि हिला माझा घोटा दिसतो.

२ फेब्रुवारी

ठरवून गेलो होतो, आज त्याच्या बोटांचं बोलायचंच. स्टेशनजवळच्या दुकानात दोघं उभ्या-उभ्या सोबा खात होतो. वाडग्यातल्या शेवया संपत आल्या तरी मी थंडीबद्दलच बोलत होतो.

तोच म्हणाला, "ओनो, तू नसतास तर हा बँड मी काढलाच नसता. माहितेय ना?"

"गोड बोलतोयस. माझ्या वाटची कोळंबी हवीय का?"

"दे की." खाल्लीही लगेच, निर्लज्जासारखी! मग रस्सा ढवळत म्हणाला, "त्या कंपनीवाल्याला सांगून टाकलंय. वाजवलं तर आम्हीच पाच. एकही बदलायचा नाही."

बुडणारा माणूस कशाला तरी धरून ठेवतो. डोळे भरून आले. रश्श्याची वाफ म्हणून पुसले.

१० फेब्रुवारी

झालं. सगळं संपलं.

स्टुडिओत प्रत्येक जण आपापल्या काचेच्या खोलीत. सगळ्यांच्याच कानात एकमेकांचं वाजवणं, आणि इथे टिकटिकही. १३८. पहिल्या वेळी दौडीत त्याची गिटार पुढे पळत सुटली. घाबरलेला माणूस पळतो तशी. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी मी माझ्या कानातली टिकटिक बंदच केली. त्याला हाताला धरून न्यायचं तर मशीन कशाला? माझ्या पद्धतीने सांभाळून नेत होतो. आणि दौडीच्या मध्यात गिटार थांबली.

काचेतून दिसत होता. पट्टा गळ्यातून काढला, गिटार स्टँडवर ठेवली. माइकवर म्हणाला, "हात चालत नाही माझा. थांबतो मी. मी नाही तर बँडही नाही. माफ करा."

सायेकी रडत बाहेर पळाली. तो माझ्या खोलीत आला, माझ्यासमोर वाकला. किती वेळ वर उठेना. मीच खांदे धरून उठवलं. म्हटलं, "वेड्या, मला कधीचं माहीत होतं."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं! मग म्हणाला, "हो. तुला माहीत असणारच."

११ फेब्रुवारी

पडून आहे.

३ मार्च

पेपरात छापून आलं — डावा हात निकामी, बँड बंद. कोणीतरी त्याला आपल्या कार्यक्रमात बोलावलं होतं, दोनच धुना वाजवा म्हणून. हात चालत नाही म्हणून त्याने कळवलं.

आज घरी आला. मनगटाला पट्टा. पेला दोन्ही हातांनी धरत होता. विचारलं, घरी तरी वाजवतोस का? म्हणे, "शेजारी ऐकतील ना. गिटार पेटीतच आहे." काय म्हणायचं होतं त्याला, कळलं नाही. पंधराव्या वर्षापासून ज्याच्या हातातून ती सुटली नाही, त्याचे हात टेबलावर नुसते पडलेले बघवत नव्हते. मला राहून राहून वाटतं, ११० वर आणायला हवं होतं. वाचला असता.

१९ मार्च

स्टुडिओतून पाकीट आलं. शेवटच्या दिवसाची आठवण म्हणून प्रत्येकाचं वाजवणं वेगवेगळं सीडीवर उतरवून पाठवलंय.

आधी त्याची गिटार लावली. नुसती गिटार आणि खाली टिकटिक. १३८. पहिल्या दोन्ही वेळा एकही सूर गळलेला नाही. एकही ठोका पुढे नाही. कोवळ्या वयात वाजवायचा तसा.

मग माझे ड्रम लावले. टिकटिक पुढे निघून जाते, माझा उजवा पाय मागून येतो. दर वेळी. निइगाताला सूर गाळून तो माझ्यासाठी थांबला होता. कंपनीला बदलायचं होतं ते मला.

रविवारी जेवायला येतोय. पट्टा बांधून येईल. मी विचारीन, हात कसा आहे.