हात लावला की नाव

६ नोव्हेंबर
सातवीला वाहनांचे शब्द शिकवले. रिक्षा जपानची, तिच्या नावात माणूस आणि त्याचं बळ. बस लॅटिनमधली, अर्थ 'सगळ्यांसाठी'. पोरं खूश. घरी येऊन त्याच भरात सासऱ्यांना विचारलं, मामंजी, बंडी शब्द कुठला? आमच्या उंद्री गावातल्या निम्म्या बैलबंड्या त्यांच्या हातच्या. पण लकव्यानं उजवी बाजू गेली, चार महिने झाले, 'हाव' आणि 'नाई' एवढंच येतं. विचारलंच कशाला मी!

७ नोव्हेंबर
बंडी तेलुगूकडची निघाली. केवढी लांबून आली! फटफटी मात्र आवाजावरून, घरचीच. मामंजींना वाचून दाखवलं. अर्ध्या तोंडानं हसले.

९ नोव्हें., रवि.
सासूबाई भाजी निवडताना बोलल्या, "बंडी शिकाले येणाऱ्याले हे बसल्या बसल्या कोन्या भागाचं नाव सांगतच नव्हते. आधी हात लाव म्हणत, मंग सांगतो." डोक्यात चक्र सुरू. पण हात लावायला आहे काय? शेवटची बंडी आम्हीच चिखली रोडच्या ढाब्याला विकली, शोभेला. नवऱ्यानं विचारलं तेव्हा मीही 'द्या' म्हटलं होतं. आता जिवाला लागलंय.

१२ नोव्हें.
शाळा सुटल्यावर काळीपिवळी जीप करून मामंजींना आणि सासूबाईंना ढाब्यावर नेलं. बंडीला रंगीत बल्ब. त्यांचा डावा हात चाकावर ठेवला. बोटं चाकातल्या एका आडव्या दांडीवर थांबली. मग स्पष्ट, "आरा." हात मधल्या गोल लाकडावर सरकला. "तुंबा." मग लोखंडी पट्टीवर. "धाव." सासूबाई ओरडल्या, "बोलले वं! बोलले!" वही घरी, मी तळहातावर लिहून घेतलं. पुस्तकं चाळून मी शब्द गोळा करते, ह्या माणसाच्या बोटांत ते भरलेले. काय माणूस आहे!

१३ नोव्हें.
ढाबेवाला बंडी परत द्यायला तयार नाही. "गिऱ्हाईक फोटो काढाले थांबते, ताई. पण बाबाले रोज आना." रोज कसं जमेल? उद्या पुन्हा बोलू.

१४ नोव्हें.
सकाळी सासूबाई चहा द्यायला वाकल्या, तर मामंजींनी त्यांचं मनगट धरलं. ओठ हलायला लागले. पन्नास वर्षांच्या संसारात बायकोचं नाव त्यांनी कधी उच्चारलेलं नाही. 'ऐकलं का' एवढंच. सासूबाई लाजून म्हणाल्या, "राहू द्या हो." पण हात सोडवून घेतला नाही. अजून तशाच बसल्यात.

भाकरी आज मीच टाकल्या.