पायांची अक्षरं

पिस्कॅटवे,
७ मार्च २०२४

ती. मंजूवन्सं यांस,
कांचनचा शिरसाष्टांग नमस्कार. देवाच्या कृपेनं इथे चाललं आहे. तुमच्या अर्विंगला पंखे लागले असतील, इथे अजून स्वेटर उतरला नाही. फोनऐवजी पत्र लिहिते आहे, कारण फोन लावला की तुमचे भाऊ समोर येऊन बसतात.

आमच्या इलानं तिच्या लेकीसाठी, आन्यासाठी, रामरक्षा इंग्रजी लिपीत छापली. तिचं कामच छापायच्या पुस्तकांची पानं लावायचं. मी म्हटलं, "साधं अक्षर घे की, शाई कमी लागेल." तर म्हणाली, "आई, प्रार्थना आहे ती, पार्किंगची पाटी नाही." तिनं घेतलेलं अक्षर मात्र मलाही आवडलं. आपण बोरू तिरका धरून कित्ता गिरवायचो ना, तसं कुठे जाड, कुठे बारीक, आणि खाली टेकायला छोटे छोटे पाय. ती म्हणाली, हे वळण जुन्या काळी हातानं पोथ्या लिहिणाऱ्यांचं आहे, म्हणून डोळा दमत नाही. "आणि वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. लोकांना शांत करायचं असलं की असाच टाइप घेतात."

हे शेवटचं तिनं सांगायला नको होतं. तेव्हापासून टपाल आलं की मी आधी पाय बघते. विम्याचं पहिलं पान पायांचं, मागे अटी असतात ते पान बिनपायांचं. हे म्हणतात, "गॅसच्या बिलाला तरी सोड, कांचन."

ह्यांच्या हॉस्पिटलची पत्रं वर्षभर बिनपायांचीच येत होती. मंगळवारी नवं फोल्डर आलं. जाड, मऊ कागद, आणि आत सगळी पायांची अक्षरं. इलाला विचारलं, "हे कशाचं गं?"

"काही नाही. नर्स आता घरीच येणार. कम्फर्ट केअर, बाबांना त्रास होऊ नये म्हणून."

"मग अक्षर का बदललं?"

"मॉम, प्लीज. तू आता फॉन्ट चेक करतेस?" म्हणाली, आणि गॅरेजमधून काहीतरी आणायला गेली. आली ती हात हलवत, तोंड धुऊन.

मी मॅट्रिकपर्यंतची, पण बोट ठेवून सगळं वाचलं. एरवी प्रत्येक पत्रात पुढच्या तपासणीची तारीख असते. ह्यात नाही. ट्रीटमेंट हा शब्दच कुठे नाही. फॅमिली मात्र पानोपानी.

हे म्हणाले, "बरं झालं, तुझी ड्राइव्ह करायची कटकट वाचली." मीही बरं म्हटलं. बाप-लेकीला वाटतं, मला काही कळलं नाही. वाटू दे. मला कळलंय हे कळलं, तर हे माझ्यासाठी खाताहेत ते जेवणाचं ताटही सरकवतील.

वन्सं, तुम्ही या. कुणाला काही विचारू नका, आन्याच्या वाढदिवसाला आले म्हणा. तिकीट स्वस्त व्हायची वाट बघू नका.

एरवी तुम्हाला लिहिताना मी खाली नुसतं कांचन लिहिते. आज सौ. लावून लिहिते आहे.

तुमची,
सौ. कांचन