काँक्रीट, फायबर की अस्तर

१ मार्च १९८७, रविवार
निर्णय पक्का. अंगणात स्विमिंग पूल बांधायचा. टाकी नव्हे, हौद नव्हे. जमिनीत खणलेला अस्सल पूल.
झालं असं. चितेगावच्या आमच्या कंपनीत जनरल मॅनेजर साहेबांनी जर्मनीहून आणलेला पूलचा कॅटलॉग कँटीनमध्ये फिरवला. म्हणाले, औरंगाबादेत असं कोण बांधणार? माझ्या तोंडून निघून गेलं, मी. साहेब म्हणाले, छान, एक मेला सुट्टी आहे, पहिली उडी माझी.
माझ्यासारख्या स्टोअर सुपरवायझरच्या घरी जी.एम. उडी मारणार. मुकुंदवाडीत असं कुणाच्या नशिबी आलंय?
कस्तुरा म्हणाली, अहो, नळाला एक दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं, पूलमध्ये काय वतणार? बायकोला नेमके डिटेल्स सुचतात. पाण्याचं नंतर बघू.

४ मार्च
प्रकार तीन. काँक्रीट: टिकाऊ, हवा तो आकार. फायबर: तयार टब, खड्ड्यात ठेवला की झालं. प्लास्टिकचं अस्तर: स्वस्त. पण आई म्हणाली, शेळीनं शिंग लावलं की फाटलं. आईचा जन्म मेंढरांमागे गेला. शहरात आणली तरी दोन शेळ्या दारात आहेतच. कॅटलॉगमध्ये शेळ्यांबद्दल एक ओळ नाही. जर्मन लोकांकडून ही अपेक्षा नव्हती.
निवड: काँक्रीट, किडनी शेप. कस्तुरा म्हणाली, घरात माझा मुतखडा हाय तेवढा बास.

८ मार्च, सकाळ
कस्तुराने विचारलं, तुम्हाला पोहता येतं का? येतं म्हणालो. म्हणजे येईलच. पोहणं हा मुळात आत्मविश्वासाचा प्रश्न आहे. पलंगावर पालथं पडून हातपाय मारले. स्टाईल उत्तम. पलंगाचा पाय मोडला, पण तो आधीपासूनच कच्चा होता.

१५ मार्च
फकिरा मिस्त्रीने खणायला घेतलं. मी चुन्याच्या फक्कीने किडनी आखून दिली. गल्लीतले विचारतात, विहीर का? मी नुसता हसतो.

१९ मार्च
फायबर घ्यायचं ठरलं. निर्णय बदलला नाही, सुधारला. फकिराला म्हणालो, किडनीचा चौकोन कर. त्याने आधी खड्ड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

२३ मार्च
काम बंद. विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चा. फकिरा सहकुटुंब गेला. खाडा धरीन म्हणालो, तर म्हणाला, धरा की, नावाचं काम आधी, तुमचं डबकं मग. डबकं!

२ एप्रिल
फायबरच्या टबचं माप आलं. टब आमच्या गल्लीपेक्षा रुंद. टबमध्ये दोष काही नाही, गल्लीच चुकीची. शेवटी अस्तर. हेच मी पहिल्यापासून म्हणत होतो. शेळ्या बांधून ठेवायच्या. अस्तराला खोली जास्त लागते (माझा अंदाज). फकिराला आणखी खाली जायला सांगितलं. कातळ लागलाय म्हणतो. म्हणू दे.

११ एप्रिल, दुपार
सत्यानाश! खड्ड्यात पाणी लागलं.
कातळाच्या फटीतून झरा सुटला. बघता बघता घोटाभर. ओल्यात अस्तर बसणार कसं? एवढा कोरडा खड्डा, पाण्याने वाट लावली. फकिराला म्हणालो, इंजिन लाव आणि उपसून गटारात सोड. तो हललाच नाही. म्हणाला, साहेब, उन्हाळ्यात पाणी गटारात सोडाया सांगताय, तब्येत बरी हाय ना?

१२ एप्रिल
बाजारातून आलो तर अंगणात बायकाच बायका. आईने पाच सवाष्णी बोलावून पाण्याची पूजा केली. नारळ, खण, हळदकुंकू. मला विचारलं नाही.
म्हणालो, आई, ही विहीर नाही, स्विमिंग पूल आहे. आई म्हणाली, पुजलेल्या पाण्यात पाय घालायचा नसतो, अन् पाण्याला कुनाला नाय म्हनायचं नसतं. मी जी.एम. साहेबांच्या उडीचं सांगितलं. तर म्हणाली, मेंढरांमागं पाणी हुडकीत माझं पाय झिजलं, भिकन. कुनी काठावर हुबं राहू देईना. आज पाणी आपल्या दारात आलं, अन् तू त्यात लोकांना नाचवतोस व्हय?
रडलीसुद्धा. मला वाईट वाटलं. पण माझं काय?

१३ एप्रिल
पहिली घागर आईने फकिराच्या बायकोला, आशाबाईला भरायला लावली. म्हणाली, खणलं तिच्या मानसानं. गल्लीतले दोघे-तिघे यावर कुजबुजले, तर आईने त्यांना पाणी भरायच्या रांगेत सगळ्यांच्या मागे उभं केलं. मालक मी आहे याची कुणाला आठवण नाही.

२० एप्रिल
पाणी पुरुषभर. रंग निळा, अगदी कॅटलॉगसारखा. पहाटे गुपचूप उतरायला गेलो, तर रांग माझ्याआधी उठलेली. कशाला आलात विचारलं. म्हणालो, लेव्हल बघायला.
साहेबांना अजून काही सांगितलेलं नाही. माझा प्लॅन आहे.

१ मे
प्लॅन असा नव्हताच.
साहेब टॉवेल घेऊन गाडीतून उतरले. आईने त्यांना आधी बूट काढायला लावले, मग हातात तांब्या दिला. साहेब उभ्याउभ्या तांब्या प्यायले. पुन्हा मागितला. त्यांच्या बंगल्याच्या नळालाही आठवडाभर पाणी नाही म्हणे. पूलचं नाव काढलं नाही. जाताना म्हणाले, भिकनराव, सोमवारी केबिनमध्ये भेटा.
बहुतेक प्रमोशन.

४ मे, सोमवार
नवीन जबाबदारी मिळाली. साहेबांसाठी रोज एक कॅन पाणी कंपनीच्या बसमधून न्यायचं. खुद्द जी.एम.चं काम, म्हणजे विश्वासाचंच म्हणायचं.

५ मे, सकाळ
कॅन घेऊन थेट विहिरीवर, म्हणजे पूलवर गेलो. आई म्हणाली, रांगंत ये. म्हणालो, अगं, मी मालक आहे. आई म्हणाली, व्हय, मग मालकानं समद्यांच्या मागं.
उभा राहिलो. माझा नंबर येईपर्यंत बस गेली.