मंडपातल्या टाळ्या

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

आली नोटीस! सूनबाई हर्षानं कागद माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. "मामाजी, वाचा." वाचला. दोनदा वाचला. तलावाच्या पाळीला लागून इथेनॉलचा कारखाना झाला आहे, त्याला पर्यावरणाची परवानगी द्यावी का, यावर जनसुनावणी. २७ तारखेला. लोकांनी येऊन बोलायचं. नोटीस तशी ऑक्टोबरातलीच – ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दिवाळीच्या शुभेच्छांखाली दबली होती!

पण कारखाना तर उभाच आहे. भिंत आहे, चिमणी आहे, आत माझाच मनिष सुपरवायझर आहे. मग परवानगी कशाची?

"तोच त प्रश्न हाय नं मामाजी," हर्षा म्हणाली.

सून ग्रामपंचायत सदस्य, मुलगा कारखान्यात. मी मधे. सकाळची बीपीची गोळी घेतली की नाही, आठवेना. एक घेतली. मग दोन झाल्या असतील तर? या काळजीत दुपार गेली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मनिष हैदराबादेहून परत आला तो या कारखान्यामुळे. त्याची आई शकुंतलाबाई सकाळी त्याचा डबा करताना गाणं म्हणते. तो तिकडे होता तेव्हा तिला गाणं सुचत नव्हतं. कारखाना बंद पडला तर पोरगा पुन्हा जाईल.

पण तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडलं की पाणी माझ्याच धानाला येतं. आणि त्याच तलावातले सिंगाडे! आज माझा जुना दोस्त केवळराम उकडलेले सिंगाडे घेऊन आला. ओट्यावर बसून सोलले. त्याला माझी काळजी सांगितली, तर हसला.

"सेवकराम, कायले जीव टांगून ठेवतं बापा? कारखाना बंद झाला त पोरगा जाते, चालू राह्यला त सिंगाडे जातेत. काहीतरी जाऊनच राहिलं हाय. तू खाऊन घे."

खाल्ले. रात्री पोट जड वाटलं. सिंगाड्यात आताच काही उतरलं नसेल ना?

१९ नोव्हेंबर, बुधवार

पेपरात मोठी बातमी. दिल्लीच्या मोठ्या कोर्टानं मे महिन्यात सांगितलं होतं – आधी बांधायचं आणि मागून पर्यावरणाची परवानगी घ्यायची, हे चालणार नाही. काल त्याच कोर्टानं तो निकाल मागे घेतला! तीन न्यायाधीश. दोघं म्हणाले, उभी झालेली कामं पाडली तर जनतेचा पैसा वाया जाईल. एक म्हणाला, अशी मागून दिलेली परवानगी कायद्यात बसतच नाही.

मला तिघांचंही पटलं. हीच माझी अडचण. मी जज्ज झालो असतो तर रोज सकाळी एक निकाल आणि संध्याकाळी दुसरा!

शकुंतलाबाईला तसं बोललो. ती म्हणाली, "अजी, तुमाले त लुगड्याचा रंग बी ठरवता येत नाई. दुकानदारच कंटाळून बांधून देते."

जेवताना मनिष म्हणाला, "बाबा, तुमी सुनावणीत बोलू नका. कारखान्याचा ठेकेदार मले म्हणते, घरच्या बाईले बी समजाव."

"समजाव नं मंग," हर्षा म्हणाली. आणि चटणीची वाटी त्याच्यापुढे सरकवली.

त्यानं चटणी घेतली. समजावलं मात्र नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ठरलं. मी बोलणार नाही. मागे बसणार. पाण्याची बाटली सोबत ठेवणार.

२६ नोव्हेंबर, बुधवार

गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा! अड्याळची बहीण, भाचे, त्यांची लेकरं – घरात पाय ठेवायला जागा नाही. वडसाहून नाटक कंपनी आली. खलनायक काय बोलला! सासऱ्याची जमीन लुबाडून वर असा भारी डायलॉग मारला की सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच. आमच्याकडे असंच. वाईट माणूस चांगला बोलला की टाळी द्यायचीच, तो त्याचा हक्क.

मंडप उद्याही राहणार. सुनावणीसाठी कारखान्यानं तोच घेतला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

झोपायची वेळ टळून गेली. पण लिहितो.

मंडप तोच, पडदाही तोच – राजवाड्याचा! राजवाड्यापुढे टेबल, टेबलामागे कलेक्टर ऑफिसच्या अधिकारी बाई. लोकही कालच्याच जागी जाऊन बसले, बाया डावीकडे, माणसं उजवीकडे. केवळराम ओरडला, "पयले नांदी होऊ द्या जी!" बाईंना काही कळलं नाही.

हर्षा उठली. आवाज जरासुद्धा हलला नाही. "परवानगी नव्हती, मंग भिंत कशी उभी झाली? आणि कारखान्याचं घाण पाणी कुठं सोडणार?"

कारखान्याचा मॅनेजर पडद्यामागून आला! छातीवर हात ठेवला. "ताई, ही विटांची भिंत नाही, ही तुमच्या लेकरांच्या भविष्याची भिंत आहे! एक थेंब जरी तलावात गेला, तर याच मंडपात मी मिशी उतरवीन!"

मंडप दणाणला. केवळरामनं शिटी मारली. खरं लिहायचं तर मीही टाळ्या वाजवल्या. काय वाक्य होतं!

शेवटी बाबूनं इतिवृत्त वाचून दाखवलं. "सदस्या यांच्या शंकेचे निरसन झाले. ग्रामस्थांनी टाळ्यांच्या गजरात प्रकल्पास पाठिंबा दिला."

हर्षाचं तोंड एवढंसं झालं. आणि मी उभा! कधी झालो ते माझं मलाच माहीत नाही.

"म्याडम, त्या टाळ्या पाठिंब्याच्या नाई जी!"

"मग कशाच्या?"

"डायलॉगच्या! काल याच मंडपात सासऱ्याची जमीन लुबाडनाऱ्याले याच्याहून जास्त टाळ्या पडल्या. म्हून काय कोनी त्याले आपली जमीन देल्ली का?"

हसू फुटलं. बाईसुद्धा हसल्या. त्यांनी बाबूला ते वाक्य खोडायला लावलं. मी खाली बसणार, तेवढ्यात म्हणाल्या, "आजोबा, मग तुमचं म्हणणं काय? लिहू का?"

मनिष मॅनेजरच्या खुर्चीमागे निळ्या शर्टात उभा होता. माझ्याकडे बघत नव्हता. मी पाण्याची बाटली चाचपली. ती घरीच राहिली होती.

"लिहा," मी म्हणालो. "आधी अक्षता टाकाच्या आन मंग पोरीले विचाराचं, असं लगन आमच्यात होत नाई. भिंत बांधली, आता विचारून राहिले. पयले पाण्याचं सांगा. मंग परवानगी."

या वेळी एकही टाळी पडली नाही. केवळरामनंही वाजवली नाही. बाबू लिहीत राहिला.

आणखी कुणाला काही सांगायचं असेल तर सोमवारपर्यंत लेखी द्या, असं सांगून बाई गेल्या.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मनिषनं चहा घेतला नाही. डबा उचलला आणि गेला. शकुंतलाबाई गात नाही. हर्षा मात्र दोनदा चहा देऊन गेली. बीपीची गोळी घ्यायची राहिली, तरी काही झालं नाही!

केवळराम गावभर सांगत फिरतो आहे, सेवकराम स्टेजवर चढला. चढलो नव्हतो. खालूनच बोललो.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी मनिष ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसला. पायाचं नख खरवडत होता. मग म्हणाला, "बाबा, भिंतीचं सोडा. भिंतीखालून तलावात पाईप सोडला हाय. मीच उभा राहून मातीखाली बुजवून घेतला. उद्यापर्यंत मुदत हाय नं? लिहा. माझ्या नावानं लिहा."

आणि आत तोंड करून आईला सांगितलं, "आई, उद्यापासून डबा नोको करू."