मी काहीही बोलले तरी

५ फेब्रुवारी

पोचले एकदाची. ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद आणि मी एकशे एकवीस किलो. प्रत्येक मजल्यावर थांबून दारांवरच्या पाट्या वाचल्या. बघणाऱ्याला वाटावं, बाईंना शेजारपाजाऱ्यांची चौकशी फार. दम लागला म्हणून थांबले हे कोणाला कळू द्यायचं नाही, एवढी अक्कल जाड माणसाला शाळेतच येते. आमचे हे दोन्ही बॅगा घेऊन केव्हाच वर पोचले होते आणि कठड्यावरून वाकून विचारत होते, मुक्काम तिथेच करतेस का.

ताईने मला मागची खोली दिली आहे. पलंगावर आधी बेताने बसून पाहिलं. कुरकुरला नाही, तेव्हा जीव भांड्यात पडला. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली, एकटी राहते. मुली तिला मागून घड्याळबाई म्हणायच्या आणि तिला ते ठाऊक होतं. घरातल्या कपाटांना अजून कुलपं आहेत आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला. अंगाने पहिल्यापासून काडी. आम्ही शेजारी उभ्या राहिलो की लोक म्हणायचे, एक आणि शून्य.

हॉस्पिटल इथून जवळ, म्हणून हा बेत. ऑपरेशनआधी दोन आठवडे आणि नंतर दोन महिने मी इथे. हे उद्या परत जाणार, नोकरी आहे. ही वही आहारतज्ज्ञ बाईंच्या सांगण्यावरून. रोज काय खाल्लं, किती खाल्लं, मनात काय आलं ते लिहायचं आणि पानाचा फोटो त्यांना पाठवायचा. मला लिहायला आवडतं. खायलाही आवडतं, त्याचीच तर ही वही.

६ फेब्रुवारी

हे निघण्यापूर्वी एक समारंभ झाला. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या होत्या की पेशंट खोटं बोलायला लागतो, म्हणून घरातल्या एका माणसाच्या हाती स्वयंपाकघर आणि फोन दोन्ही द्या. फोनवरून खाणं मागवता येतं, हे त्या बोलल्या नाहीत पण माझ्याकडे बघून थांबल्या. मी म्हटलं, नुसत्या किल्ल्या कशाला, लिहूनच देते. आणि झोकात लिहिलं: ‘मी काहीही बोलले तरी ऐकू नये. मी रडेन, आजाराचं सोंग आणेन, ताईवर वाटेल ते आळ घेईन. तेव्हा बोलणारी मी नसेन, माझी भूक असेल.’ खाली सही. हे हसून हसून खोकायला लागले आणि कागद घडी करून पाकिटात ठेवला. ताई हसली नाही. तिने कागद आधी मागून घेऊन त्यावर तारीख घातली होती.

१४ फेब्रुवारी

नऊ दिवस फक्त पातळ. पावडर घातलेलं दूध, गाळलेलं सूप, पाणी. यकृत लहान व्हावं म्हणून हे असतं. माझं यकृत होईल तेव्हा होईल, स्वभाव मात्र आताच एवढासा झाला आहे. काल ताईवर ओरडले. ती म्हणाली, ओरड, माझ्या वसतिगृहात ऐंशी मुली होत्या. मग माझे केस विंचरून दिले.

हे सगळं कशासाठी ते लिहून ठेवते. मी बालवाडीत शिकवते. गेल्या वर्षी पालकसभेत माझ्याखालची खुर्ची मोडली. पालक हसू दाबत होते. मुलं हसली नाहीत, चौघीजणी मला उठवायला धावल्या आणि त्यांच्या इवल्या हातांना मी हलेना. त्या दिवशी ठरवलं. मला मुलांबरोबर जमिनीवर बसायचंय आणि कुणाचा हात न धरता उठायचंय. बस्स एवढंच.

२३ फेब्रुवारी

ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले, आज घरी आले. पोट आता केळ्याएवढं उरलंय. नवल म्हणजे भूक नाही. म्हणजे अजिबात नाही. पन्नास वर्षं जी माझ्या मानगुटीवर बसून होती ती उतरून गेली, सांगूनसुद्धा गेली नाही. सर्जन म्हणाले की भूक लावणारा भागच काढलाय, काही महिने पोट तुम्हाला काही कळवणार नाही, तेव्हा घड्याळ बघून खायचं. मी म्हटलं, घरी घड्याळबाई आहेत.

चार पानांचा तक्ता दिलाय. पहिला आठवडा पाण्यासारखं पातळ, दुसरा दाट पातळ, मग कुस्करलेलं, मग मऊ. आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर. आहारतज्ज्ञ बाईंनी बोट नाचवून सांगितलं की त्या चुकल्या तर आधी पाय बधिर होतात, मग डोळे बिघडतात, मग डोकं. ताईने सगळं टिपून घेतलं.

३ मार्च

टाके काढले. एकशे सहा किलो. सर्जनने पाठ थोपटली आणि ते महिनाभराच्या रजेवर गेले. पुढची तपासणी आहारतज्ज्ञ बाई फोनवर घेतील. आजपासून तक्त्याचं दुसरं पान, पण संध्याकाळी दोन घोट दाट सूप घेतलं आणि उलटलं. ताईने पुसलं, तोंड धुतलं, म्हणाली, घाई नको, अजून आठवडाभर पहिलंच पान. माझी ना नाही. भूक असती तर भांडले असते.

१४ मार्च

अजून पहिलंच पान. गाळलेलं सूप, दिवसातून तीनदा, चार चार चमचे. ताईने आहारतज्ज्ञ बाईंना विचारलं म्हणते. गोळ्यांनीच उलट्या होतात म्हणून त्याही दहा दिवस बंद आहेत. तेही विचारलं म्हणते. वजन सत्त्याण्णव. समोरची शेजारीण आली होती, मला गोल फिरवून पाहिलं आणि म्हणाली की ताईसारखी बहीण मिळायला नशीब लागतं.

एक गंमत. ताई हल्ली माझ्या खोलीत जेवते. जन्मभर चिमणीएवढं खाणारी बाई, आता ताट भरून आणते, खुर्ची पलंगाला लावते आणि सावकाश जेवते. मला वास येतो पण काही वाटत नाही. तिलाच सोबत होते, असं मी धरून चालले आहे.

२२ मार्च

आज तिने जेवता जेवता सांगितलं. आवाज चढवला नाही. घास गिळून, तोंड पुसून.

“आई माझं ताट तुझ्यापुढे सरकवायची. हिची वाढ जोरात आहे, तू मोठी ना, म्हणायची. मी कितीदा पाणी पिऊन झोपले. तुला एकदा तरी वाटलं, ताई जेवली का ते विचारावं?”

मी खरं ते सांगितलं, की मला आठवत नाही. मला खरंच आठवत नाही. मी तीन-चार वर्षांची असेन.

“नाही ना आठवत,” ताई म्हणाली. “राहू दे. आपल्याला वेळ आहे.”

मग तिने उरलेलं निपटून खाल्लं. मी दुसऱ्या पानाचं विचारलं. ती म्हणाली, हे बघ, सुरू झालं तुझं. मला अपराधी वाटलं, हे लिहायला हवं. तिचं ताट मी खाल्लं असेल तर वाईटच झालं. पण चार वर्षांच्या पोरीला ताट कोणाचं ते कसं कळावं.

२९ मार्च

केस पुंजक्यांनी येतात. तळपाय दुसऱ्याच कोणाचे असावेत तसे. ताई आंघोळीला गेलेली असताना भिंतीला धरून बाहेर गेले. टेबलावर माझ्या वहीसारखीच वही. अक्षर माझं. म्हणजे माझं नाही, माझ्यासारखं. रेक्टर होती, मुलींनी पालकांच्या केलेल्या खोट्या सह्या पकडण्यात हयात गेली, कला शिकायला वेळ मिळाला असेल. लिहिलं होतं: सकाळी एक उकडलेलं अंडं, दुपारी कुस्करलेला बटाटा, गोळ्या वेळेवर, मन प्रसन्न. त्याच पानांचे फोटो जातात.

दुपारी आहारतज्ज्ञ बाईंचा फोन आला तो बाहेरच्या खोलीत. ताई म्हणाली की मी झोपले आहे. मी हाक मारली, आवाज फुटला नाही. फोन स्पीकरवर लावलेला होता. त्या म्हणत होत्या की अशी वही आजवर कोणी लिहिली नाही, इतर पेशंटना दाखवीन.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. आता ही वही उशीच्या अभ्र्यात ठेवते. हे दहा तारखेला येणार आहेत. बारा दिवस. बारा दिवस काढायचे.

४ एप्रिल

मोरीत पडले. ताईने उचललं. एकटीने. मला एकटीने उचललं — एवढी मी उरले. आता दाराला बाहेरून कडी असते, पुन्हा पडशील म्हणून. समोरची भिंत दोन दिसते. मधून मधून उलटी, सूपसुद्धा राहत नाही. हे येईपर्यंत सहा दिवस. काय सांगायचं ते पाठ करते आहे. गोळ्या. तक्ता. दुसरी वही. गोळ्या. तक्ता.

१० एप्रिल

हे आले. दारातच थबकले. डोळ्यांत पाणी, आनंदाचं. शहाऐंशी. कंबर दोन हातांत धरून पाहिली. मी सांगायला लागले आणि जीभ वळेना, दारू प्यायल्यासारखी. म्हटलं, ताई खायला देत नाही. म्हटलं, गोळ्या बंद केल्या. म्हटलं, मला घरी ने, मी मरेन.

ते ताईकडे बघून हसले. पाकिटातून कागद काढला. वाचून दाखवला. माझाच, पहिल्यापासून सहीपर्यंत. आजाराचं सोंग आणेन, ताईवर आळ घेईन — एकेका वाक्याला माझ्याकडे बोट.

“अगं, शब्द न् शब्द खरा निघाला,” हे म्हणाले. “ही तू नाहीस, तुझी भूक बोलतेय.”

मी म्हटलं, मला भूक नाहीच. तर दोघंही हसले. वही काढून दाखवावी म्हणून उशीकडे हात नेला. हात दुसऱ्या उशीवर पडला, जी नव्हती. यांना वाटलं मला झोप आली. पांघरूण घातलं.

वजन पासष्टपर्यंत आणायचं ठरलं. तोवर मी इथेच. ताईचे उपकार कसे फेडू, असं दारात म्हणत होते. पायऱ्या भराभर उतरल्याचा आवाज आला. शीळ घालत होते.

१३ एप्रिल — किंवा १४

ताई कडी लावायला विसरली. गोळ्यांची बाटली बाहेर शेल्फवर, खालच्या कप्प्यात. बसून सरकत गेले. मिळाली. भरलेली. झाकण दाबून फिरवायचं असतं. बोटांना झाकण लागत नाही. दातांनी पाहिलं. दात हलतो.

ताई खुर्चीवर होती. पहिल्यापासून होती. जेवत होती. जेवण झाल्यावर हात धुऊन आली, बाटली घेतली, एका झटक्यात उघडली. एक गोळी स्वतः घेतली. झाकण लावलं. वर ठेवली, वरच्या कप्प्यात.

विसरली नव्हती.

एप्रिल

यांचा नंबर आठवत नाही. शेवटी सात. किंवा दोन सात. बालवाडीत मुलं किती ते — मुली चार आल्या होत्या, हात धरायला. त्या कुठल्या —

वही अभ्र्यात नव्हती. पलंगावर होती. शेजारी टोक केलेली पेन्सिल. म्हणजे तिने वाच

मंगळवार

आई येऊन गेली. ताट घेऊन आली होती. मला म्हणाली —

आई कशी येईल.

तारीख बाईंना विचारली पाहिजे

आज बरं वाटतंय. इथे एक बाई असतात, माझं सगळं करतात. अंगाने चांगल्या भरलेल्या आहेत, मला सहज उचलतात. म्हणतात, मी तुझी ताई. असतील. चांगल्या आहेत. कोणी न्यायला आलं तर मला इथेच राहू द्या असं सांगायचं, असं त्या म्हणाल्या, मी हो म्हटलं.

समोर रिकामं ताट आहे. म्हणजे मी जेवले. काय जेवले ते आठवेना, वहीत चुकीचं नको, म्हणून त्यांनाच विचारलं. त्या सावकाश सांगतायत, मी लिहितेय. दोन अंडी. बटाटा, कुस्करून. वाटीभर दही. पोट भरलं. आणखी वाढू का विचारलं तर मीच नको म्हट