गायरानावरच्या काचांना माझा ठाम विरोध

१८ डिसेंबर २०२३, सोमवार

गायरानात एक माणूस आला आहे. तीन पायांचं यंत्र, डोक्याला टोपी, पायात चांगले बूट. चांगले बूट घालून गायरानात कोणी उगाच फिरत नाही. जाऊन विचारलं. नाव ऋषी, सर्व्हे करतो म्हणाला. बारा एकरांवर सोलरच्या काचा बसणार आणि शिवाराला दिवसा लाईट मिळणार. गावाने काय द्यायचं, तर फक्त पडीक माळ. इथेच मला वास आला. तालुक्याच्या वाचनालयात मी एकतीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली आणि त्यातली निम्मी वाचली. फुकटाच्या भेटीने राज्यं बुडाल्याचे दाखले माझ्याकडे आहेत.

ठराव सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत येणार. हातात एकोणचाळीस दिवस.

निश्चय: प्रकल्प हाणून पाडणे. रोज पहाटे पाचला उठून अभ्यास.

१९ डिसेंबर, सकाळी ७.५०

आत्ता उठलो. माझा दोष नाही. आमच्या शिवाराला मोटारीची लाईट रात्री दहा ते सकाळी सहा असते, त्यामुळे संपत (चिरंजीव) रात्री कांद्याला पाणी भरायला जातो आणि कुशाबाई (पत्नी) घरात उगाच खुडबुड करते. अशाने माणसाची झोप काय होणार!

२१ डिसेंबर

अभ्यास जोरात. वहीत जगाचा तक्ता केला. नॉर्वे: पाण्यावर वीज. आइसलँड: पाणी आणि जमिनीतली वाफ. फ्रान्स: अणू. डेन्मार्क: वारा. सूत्र सापडलं. ज्या देशाला जे भरपूर मिळालं, त्याने त्याचीच वीज केली. कोळशाचा धूर नाही आणि दुसऱ्याची नक्कलही नाही. मग आपल्याला भरपूर काय मिळालं आहे?

ऊन.

इथे जरा अडखळलो. हा मुद्दा भाषणातून वगळला.

२४ डिसेंबर

पर्यायी योजना: पवनऊर्जा. विरोधकाने पर्यायही दिला पाहिजे. वाऱ्याचा अभ्यास म्हणून गच्चीवर काठीला टॉवेल बांधून तीन दिवस निरीक्षण केलं. पहिल्या दिवशी टॉवेल हलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी जोरात हलला आणि गेला. वानर होतं.

वाऱ्याचा मुद्दा तूर्त राखून ठेवला.

२८ डिसेंबर

अत्यंत गंभीर. कुशा रात्री कोणाशी तरी फोनवर बोलते. काल अकराला, बाराला आणि एकला, ओट्यावर जाऊन, दबक्या आवाजात. मी पांघरुणातून ऐकलं. 'बरं, बरं. ठेवते.' एवढंच. दहा सेकंदांत फोन बंद. अशा तुटक बोलण्याला हेरगिरीच्या पुस्तकांत विशेष अर्थ असतो. कंपनीने माझ्या घरातच माणूस फोडला असेल का?

३० डिसेंबर

कुशाचा फोन तपासला. सगळे कॉल संपतला. रात्री दर तासाला एक. तिला सरळ विचारलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, 'उचलला की कळतं पोरगं हाये. मग ठेवते.'

महाळुंग्याच्या बाजूला उसाची तोड चालू झाल्यापासून बिबटे उघड्यावर आलेत म्हणे. तरीही दर तासाला फोन जास्तच होतात. कंपनीचा संबंध दिसत नाही. तूर्त.

३ जानेवारी २०२४

मंचरला गेलो. संपत दिवसा ज्यांच्या पंपांच्या दुकानात काम करतो, त्या मांगीलालशेठना भेटलो. म्हटलं, गायरानावर काचा बसल्या तर तुमच्या दुकानाचं काय? ते म्हणाले, 'धर्माजीनाना, लाईट रातीची असो का दिवसाची, मोटार जळायची ती जळतीच.' म्हणजे यांना नफा दोन्हीकडून. नोंद घेतली.

मग हळूच म्हणाले, 'संपत काउंटरवर उभ्या उभ्या झोपतो. काल गिऱ्हाइकानं वायर मागितली, यानं व्हॉल्व्ह दिला. पोराला झोपू द्या राव.'

सगळे एकाच सुरात बोलायला लागले आहेत. ठरवून असणार.

८ जानेवारी, सकाळी

पहाटे संपत चिखलाने माखून आला. दारं धरताना, म्हणजे एका वाफ्याचं पाणी तोडून दुसऱ्याला लावताना, मान वर केली तर बांधावर बिबट्या. दहा पावलांवर. संपतने खोरं आपटून आरडाओरडा केला. तो शांतपणे उसात गेला आणि हा मागच्या मागे पाटात पडला. पाय मुरगळला, अंगात ताप. कुशाने त्याचे पाय धुतले आणि तशीच बसून राहिली. त्या वेळेला काचांचा मुद्दा काढायचा नव्हता, पण मी काढला. सूनबाई श्रेया उठून आत गेली.

आज रात्री पाणी कोण भरणार? मी म्हटलं, मी. नॉर्वेवर बोलणाऱ्याला वीस वाफ्यांचं काय!

९ जानेवारी, सकाळी ९

रात्रीच्या सिंचनाचा अभ्यास पार पडला. दहाला लाईट आली, मोटार चालू केली, पाणी लावलं. मग शिवाराची एकंदर परिस्थिती समजावी म्हणून मोटारीच्या खोलीत बसलो. दार लावून. थंडी फार होती. आतून कडी घातली, कारण दार वाऱ्याने वाजतं. (वारा आहे! पवनऊर्जेचा मुद्दा पुन्हा घेणे.) कुशाचे फोन दर तासाला आले. पहिल्या रिंगला उचलले. फोन यायला उशीर होतो तेव्हा जरा चुकल्यासारखं वाटतं.

सहाला लाईट गेल्यावर, चांगलं उजाडल्यावर बाहेर आलो. आमचे वाफे कोरडे. पाट फुटून सगळं पाणी शेजारच्या भिमाजीच्या रानात. भिमाजी बांधावरच उभा. 'नाना, लई उपकार झालं. माझा अख्खा कांदा भिजला. आज रातीला बी तुमीच येताय ना?'

पाट कोणी फोडला? भिमाजी प्रकल्पाच्या बाजूचा आहे. चौकशी व्हावी.

आज रात्री जाणं शक्य नाही. अंधारात मला नीट दिसत नाही. हे मी घरात पूर्वीही अनेकदा सांगितलेलं आहे.

१० जानेवारी

संपत ताप असतानाच गेला. कुशा बॅटरी घेऊन त्याच्याबरोबर गेली. घर शांत. तरी झोप लागली नाही. अभ्यास केला. फ्रान्समध्ये रात्री किती वीज लागते हे शोधत होतो. एक वाजता फोन हातात घेतला. संपतने उचलला. काय बोलावं कळेना, म्हणून 'बरं, ठेवतो' म्हटलं.

१५ जानेवारी, संक्रांत

विजय जवळ! सरपंच अश्विनीताई स्वतः तिळगूळ घेऊन घरी आल्या. हा प्रकल्प आणणारी हीच बाई. मी म्हटलं, गोड बोलण्याची अपेक्षा करू नका. त्या म्हणाल्या, 'नाना, गोड नकाच बोलू. तिखट बोला, तासभर बोला, पण सभेला या. तुमी बोलणार म्हटलं की माणसं येत्यात.'

मी बारकाईने पाहिलं. डोळ्यांत भीती होती. विरोधकाच्या पाया पडायची वेळ आली की सत्ता संपली म्हणून समजावं. तिळगूळ मात्र खाल्ला नाही. भिमाजी आला तेव्हा त्याला दिला. त्याला काही झालं नाही.

निश्चय: गावातला प्रत्येक माणूस सभेला आणायचा. माझ्या हाताने.

२२ जानेवारी

सात दिवस घरोघरी फिरतो आहे. दर वर्षी सभेला तीस माणसं येतात, त्यातली दहा चहाला. या वेळी शंभर आणणार. साळुबाई म्हणाली, 'भाषाण करणार व्हय? मग येते. टीव्हीवर काय न्हाईच आजकाल.' काही लोक नुसतं हसतात. लोकांत उत्साह आहे.

उंबरठ्यावर बसून एक म्हातारा म्हणाला, 'काचा नकोत, मग दुसरं काय ते सांग.' त्याला नॉर्वेचं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि नॉर्वे जुन्नरच्या अलीकडे का पलीकडे, ते विचारलं.

२५ जानेवारी

भाषण तयार. एक तास दहा मिनिटं. आरशासमोर म्हटलं. शेवटच्या वाक्याला माझ्याच अंगावर काटा आला. कुशाला म्हणून दाखवणार होतो. ती बसल्या जागी झोपली होती, हातात फोन.

२६ जानेवारी, शुक्रवार, दुपारी ४

सविस्तर लिहितो, इतिहासाला उपयोगी पडेल.

मुद्दाम वीस मिनिटं उशिरा गेलो. वक्त्याची वाट पाहिली जावी. आणि पाहिली जात होती! मी दिसताच ग्रामसेवक हजेरीवही आणि पेन घेऊन देवळाच्या पायऱ्या उतरून धावत आला. असा मान या गावात कोणाला मिळाला नसेल. सही केली. त्याने वहीत पाहिलं आणि मोठ्याने ओरडला, 'शंभर झाले!' मग अश्विनीताईंनी हात जोडले. पुढे त्यांनी जाहीर केलं की शंभर सह्यांचा कोरम भरल्यामुळे गायरानाचा विषय आज घेता येईल, नाहीतर पुन्हा पुढे ढकलावा लागला असता.

हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. हेतुपुरस्सर.

असो. बोललो. काय बोललो! नॉर्वेच्या धबधब्यापासून सुरुवात केली, आइसलँडची वाफ काढली, फ्रान्सचा अणू फोडला. माणसं खिळली होती. रंगात आलो आणि वहीत नसलेलं वाक्य तोंडून गेलं: 'या सगळ्या जगाकडे बघा! यातल्या कुठल्या देशात शेतकऱ्याचं पोर रात्री बिबट्यासमोर उभं राहून पाणी भरतं? सांगा!'

टाळ्या. अशा टाळ्या मी आयुष्यात ऐकल्या नाहीत. बायका वाजवत होत्या, म्हातारे वाजवत होते, भिमाजी शिट्टी मारत होता. त्या थांबेनात म्हणून पुढची पंचवीस मिनिटं, ज्यात काचांना विरोध होता, तशीच राहिली.

तेवढ्यात बायकांतून कुशा उभी राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात तिला सभेत बोलताना पाहिलेलं नाही. पदर नीट केला आणि म्हणाली, 'ह्यांनी जगाचं सांगितलं, लई चांगलं सांगितलं. मी माझ्या पोराचं सांगते. मी रातच्याला दर तासाला फोन लावते. वाजत ऱ्हातो ना, तवा मी रिंगा मोजते. एकदा नवव्यांदा वाजल्यावर उचलला व्हता. मला दिवसाची लाईट पायजे. गायरान द्या.'

आणि हात वर केला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साळुबाईने हात वर केला. मग सगळ्या बायकांनी. मग बाप्यांनी.

ठराव मंजूर. विरोधात एक हात. संपत दाराशी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हात जरा खाली घेतला. किती खाली, याची नोंद ग्रामसेवकाने केली नाही.

२७ जानेवारी

नैतिक विजय माझाच आहे. गावात सगळे माझ्याच वाक्याबद्दल बोलत आहेत. मांगीलालशेठचाही फोन आला: 'नाना, ऐकलं, तुमच्या भाषणामुळं ठराव पास झाला.' म्हटलं, असंच काही नाही. म्हणाले, 'नम्रता बी हाये तुमच्यात.'

नवव्यांदा वाजेपर्यंत फोन न उचलल्याची रात्र कोणती? कुशाला विचारलं. म्हणाली, तुमी घोरत व्हता.

निश्चय: प्रकल्पावर जागता पहारा.

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

वर्षभर पहारा केला. काचा बसल्या. ढापल्या कोणी नाहीत, फुटल्या नाहीत. ऋषी दोनदा जेवून गेला. तरी माझा संशय कायम होता. फुकट काही मिळत नाही, याची किंमत कोणीतरी मोजणार. कोण, तेवढं कळत नव्हतं.

आज कळलं.

सकाळी ९.०० – शिवाराला दिवसाची लाईट आली. गावात फटाके.

९.१० – संपत रात्रभर घरात झोपला. काल रात्री कुशाने एकही फोन केला नाही, तीही झोपली. तो डबा घेऊन मंचरला दुकानात गेला. श्रेया शाळेच्या कामाला गेली. घरात मी.

९.१५ – कुशाने माझ्या हातात खोरं दिलं. पाणी आता दिवसा भरायचं. 'उजेडात दिसतं ना तुमाला?'

दिसतं.

११.४० – दोन वाफे. पाठ.

दुपारी १.०५ – सहा वाफे. भिमाजी बांधावर उभा राहून विचारतो, 'नाना, नॉर्वेत बी दुपारचंच भरत्यात का?' सातव्या वाफ्याला पाणी लावलं.

२.३० – कुशा झाडाखाली बसली आहे. भाकरी आणली. जेवलो. म्हणाली, अजून अकरा राहिलेत. तिच्या डोळ्यांखालचं काळं कमी झालंय का, ते पाहायला जरा जवळ गेलो. 'काय बघताय?' म्हटलं, काही नाही.

३.१५ – लाईट जाईल म्हणून बांधावर थांबलो. पूर्वी रात्रीतून चारदा जायची. गेली नाही. ऋषीला फोन लावून विचारलं, मध्ये जात नाही का? तो अभिमानाने म्हणाला, 'नाय नाना, पाचपर्यंत अजिबात जाणार नाय.'

आभाळाकडे पाहिलं. एकही ढग नाही.