नातेवाईकांचा रकाना

५ मार्च

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे मजेत. तुझ्या भावोजींनी अक्कलदाढ काढून घेतली, त्यामुळे दोन दिवस घरात विलक्षण शांतता आहे.

तुझं पत्र मिळालं. 'माननीय अधिकारी महोदया' हा मायना वाचून हसले. पुढे 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' वाचलं आणि हसू जिरलं. मी परदेशी सायकल कंपनी आणतेय, ती घंट्याही तिकडूनच आणणार आणि तुझ्या घंट्यांच्या कारखान्यातली अकरा माणसं घरी बसणार, असं तू लिहिलंस. खोटं नाही लिहिलंस.

पण माझंही ऐक. बाहेरून भांडवल घेऊन येणारा जो तो मोबाइल जोडायला निघालेला असतो. तसे नऊ कारखाने झाले. इकडे शीतगृहं नाहीत म्हणून टोमॅटो सडतात, औषधांचा कच्चा माल बाहेरून येतो, त्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. त्यांना चहा पाजून, नकाशे दाखवून तिकडे वळवायचं, ही आमची नोकरी. साहेब म्हणतात, आपण लग्नं जुळवतो, फक्त आहेर घ्यायची बंदी आहे. हे सायकलवालेही मोबाइलसाठीच आले होते. सायकल हा त्यांचा जुना धंदा. तीन वर्षं खपून मी त्यांना पुन्हा सायकलीवर बसवलं.

तर मंगळवारी शेवटची बैठक होती. त्यांनी नमुन्याची सायकल थेट खोलीत आणली. सगळे चाकं बघत होते आणि मी, काय सांगू, घंटी वाजवून कान जवळ नेला. बाबा करायचे तसं. आवाज विरेपर्यंत मोजायचं, सातच्या आत विरला तर घंटी पुन्हा भट्टीत. मी मोजलं आणि मोठ्यानं बोलून गेले, "चारच."

त्यांचा इंजिनियर म्हातारा आणि चौकस. चार म्हणजे काय, विचारू लागला. सांगितलं. मग त्यानं विचारलं, "सातची कोण करतं?"

खोलीत बारा माणसं. साहेबांचं पेन थांबलं. मी म्हटलं, "माझा भाऊ."

आता जे तुला सांगायचं टाळत दाढ आणि टोमॅटो लिहीत बसले, ते सांगते. फाईल हाती घेताना आम्हाला एक फॉर्म भरावा लागतो. या उद्योगात तुमचे कोणी नातेवाईक? असेल तर फाईल दुसऱ्याकडे जाते. मला ही फाईल फार हवी होती. घंटी म्हणजे काही सायकल नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली आणि त्या रकान्यात 'कोणी नाही' लिहिलं. ठोक्या, तीन वर्षं तू सरकारदरबारी माझा कोणी नव्हतास. तुझं पत्र आलं तेव्हा राग यायचा सोडून मला याचीच लाज वाटली.

मंगळवारीच साहेबांना सगळं लेखी दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "घंटीनंच पकडलं म्हणायचं तुम्हाला." लेखी ताकीद मिळाली, फाईल गेली. ती आता समोरच्या टेबलावरच्या बाईंकडे आहे आणि त्या माझ्यापेक्षा कडक आहेत.

तो म्हातारा तुझ्याकडे येणार की नाही, मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी सांगता आलं नसतं. आला तर त्याला स्वतः मोजू दे. सात भरले नाहीत तर माझं नाव घेऊ नकोस, आणि भरले तरी घेऊ नकोस. वशिला लावला असता तर बाबांनी आधी मला भट्टीत घातलं असतं.

बाकी मी खुशीत आहे, खरंच. मला शीतगृहं दिली आहेत. आज सकाळी नवा फॉर्म भरला आणि नातेवाईकांच्या रकान्यात लिहिलं: 'एक धाकटा भाऊ, घंट्या करतो.' कारकून म्हणाला, बाई, घंट्यांचा आणि बर्फाचा काय संबंध? म्हटलं, काही नाही. तरी राहू दे.

रागावला असशील तर रागाव, पण मायना बदल.

तुझी,
ताई